आधी जंगल घेतले, मग वंश ठरवला



वंशवाद म्हटले की आपल्या मनात लांबचे देश उभे राहतात. अमेरिकेतले कापसाचे मळे, दक्षिण आफ्रिकेतली गोऱ्यांसाठी राखून ठेवलेली बाके, हिटलरच्या छळछावण्या. हे सगळे खरे आहे आणि त्यावर कितीही बोलले तरी ते अपुरेच पडेल. पण ज्या चंद्रपूर शहराचा परकोट गोंड राजांनी बांधला, त्या शहरात बसून हा विषय फक्त परदेशाचा म्हणून मांडणे मला पटत नाही. मला तो इथल्या जटपुरा दरवाज्यापासून भामरागडपर्यंतच्या मुलखातून मांडायचा आहे. वंशवाद म्हणजे काळ्या-गोऱ्या कातडीविषयीचे अज्ञान आणि शिक्षण वाढले की ते आपोआप मावळेल, असा एक समज आहे. तो मला चुकीचा वाटतो. इतिहासाचा क्रम उलटा दिसतो. आधी जमीन, जंगल किंवा श्रम हिसकावले जातात. ते का हिसकावले याचे उत्तर देण्याची वेळ येते, तेव्हा ज्यांचे हिसकावले त्यांच्या रक्तातच काही कमी होते, असे सांगितले जाते. म्हणून ज्ञान वाढले तरी वंशवाद मरत नाही, तो नवे कारण शोधतो.

पुरावा आधी बाहेरचा घेऊ, थोडक्यात. इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीत आफ्रिकेतली माणसे १६१९मध्ये आणली गेली. गुलामीचे पक्के कायदे तेव्हा तिथे नव्हते. तंबाखूच्या मळ्यांना कायमचे मजूर हवे झाले तसे कायदे होत गेले. १६६२मध्ये ठरले की मूल आईच्या दर्जाचे, म्हणजे गुलाम स्त्रीचे मूल जन्मतःच गुलाम, मग बाप गोरा मालक का असेना. तोवर गुलामीचे समर्थन धर्माच्या नावाने होई : ही माणसे ख्रिस्ती नाहीत, म्हणून. मग गुलाम बाप्तिस्मा घेऊ लागले. आता काय करायचे? १६६७मध्ये कायदा केला की बाप्तिस्म्याने गुलामी सुटत नाही. धर्माचे कारण संपले आणि कातडीचे कारण त्याच्या जागी आले. कवट्या मोजणारे, माणसांचे वंश पाडणारे युरोपीय पंडित यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी अवतरले. मळा आधी, शास्त्र नंतर. हा क्रम ध्यानात ठेवा, कारण आपल्या जिल्ह्यात तोच क्रम सनावळीसह दाखवता येतो.

चांद्याचे (चांदा हे चंद्रपूरचे जुने नाव) गोंड राज्य १७५१मध्ये नागपूरकर भोसल्यांनी खालसा केले. नागपूरचे राज्य १८५४मध्ये डलहौसीने खालसा केले आणि चांदा इंग्रजांकडे गेला. मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाकेंनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना याच शहरातल्या तुरुंगात फाशी दिली गेली. १८६१मध्ये मध्य प्रांत तयार झाला. १८६५मध्ये हिंदुस्थानातला पहिला वनकायदा आला. १८७८च्या कायद्याने जंगलाच्या राखीव आणि संरक्षित अशा प्रती पाडल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणारा माणूस स्वतःच्या घरात अतिक्रमणदार ठरू लागला. आता याच वर्षांत ज्ञानाच्या क्षेत्रात काय चालले होते? नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे मध्य प्रांतातील आदिम जमातींविषयीचे कागद त्यांच्या मृत्यूनंतर १८६६मध्ये छापले गेले, आणि ते संपादित करणारे रिचर्ड टेंपल हे प्रांताचे चीफ कमिशनर होते. १८६६-६७च्या जबलपूर प्रदर्शनासाठी मानववंशाची एक समिती नेमली गेली. तिच्या अहवालाच्या शीर्षकातच, प्रदर्शनात तपासणीसाठी आणलेल्या जमातींच्या माणसांना नमुने म्हटले आहे. धान्याचा नमुना, लाकडाचा नमुना, खनिजाचा नमुना आणि माणसाचा नमुना. जंगलाची मोजदाद आणि माणसांची मोजदाद एकाच दशकात, एकाच सरकारच्या हातून झाली.

यावर कोणी म्हणेल की हिस्लॉप जंगल हिसकावायला आले नव्हते, १८४५पासून ते नागपुरात होते, गोंडी शब्द आणि गोंडांच्या लिंगोची कथा त्यांनी आस्थेने टिपून ठेवली. हे मला मान्य आहे. त्यांनी टिपले नसते तर पुष्कळ काही नाहीसे झाले असते. प्रश्न एका सज्जन माणसाच्या हेतूचा नाही. त्याच्या टिपणांचा सरकारी उपयोग कधी सुरू झाला, हा प्रश्न आहे. जिज्ञासा आधीही होती, पण तिची फाईल झाली ती मुलूख ताब्यात आल्यावर.

आणि ज्यांना आदिम ठरवले, त्यांनी इथे काय केले होते? हा परकोट, बल्लारपूरचा किल्ला, वीरशहा राजाच्या स्मरणार्थ राणी हिराईने बांधवलेली समाधी. दगडाचे सोडा, पाण्याचे बघा. जो तळे बांधील त्याला त्या तळ्यावर भिजणारी जमीन, अशा सनदा गोंड राजांनी दिल्या. त्या सनदांना तुकूम म्हणत; हे नाव या शहराला अनोळखी नाही. आज ज्यांना आपण मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणतो, त्या झाडीपट्टीतल्या तलावसंस्कृतीच्या मागे ही राजनीती आहे. १८६९मध्ये मेजर ल्युसी स्मिथ यांनी चांद्याचा जमाबंदी अहवाल लिहिला आणि त्यात गोंड राजांच्या कारभाराची मोकळेपणाने स्तुती केली. म्हणजे महसूल खात्याला ठाऊक होते की हे लोक राज्य चालवत होते, पाणी अडवत होते, जमीन वहितीखाली आणत होते. तरीही त्याच प्रांताच्या दुसऱ्या कागदांत हेच लोक मानवजातीच्या बाल्यावस्थेत राहिलेले. दोन्ही कागद एका सरकारचे. पुराव्याने वंशवाद हटत असता तर तो १८६९मध्येच हटायला हवा होता.

पुढे हर्बर्ट रिस्ले आले. १९०१च्या जनगणनेचे ते आयुक्त. नाकाची रुंदी आणि लांबी यांचे गुणोत्तर काढून त्यांनी सिद्धांत मांडला की नाक जितके रुंद तितका सामाजिक दर्जा खालचा. १९३१च्या जनगणनेवेळी बी. एस. गुहा यांनी मोजमापे घेतली आणि प्रोटो-ऑस्ट्रेलॉइड वगैरे गट पाडले. हे गट आजही स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांत छापले जातात. गडचिरोलीची मुलगी तलाठी व्हायला अभ्यासाला बसते आणि स्वतःच्या नाकाचा शंभर वर्षांपूर्वीचा हिशेब पाठ करते. याचे मला मनापासून दुःख होते.

या मोजमापांच्या इतिहासात एक मराठी नाव आहे, आणि ते अभिमानाने घ्यावे असे आहे. इरावती कर्वे १९२८च्या सुमारास बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक होते ऑइगेन फिशर. या फिशरनी १९०८मध्ये जर्मनांच्या नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या वसाहतीत मिश्र संततीचा अभ्यास केला होता, ज्या वसाहतीत नुकताच हेरेरो आणि नामा लोकांचा संहार झाला होता. पुढे १९३३मध्ये नाझींच्या राज्यात ते बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. इरावतीबाईंना काम मिळाले ते माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंतला फरक मोजण्याचे. गोऱ्या वंशाच्या कवटीत हा फरक वेगळा असतो आणि तो बुद्धीच्या श्रेष्ठतेची खूण आहे, असे गुरूंचे गृहीतक. बाईंनी कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष काढला की या फरकाचा वंशाशी संबंध दिसत नाही. परक्या देशात, एकटी विद्यार्थिनी, आणि समोर असा गुरू. त्यांनी आकडे वाकवले नाहीत. पण इतकेच सांगून थांबणे अर्धवट होईल. महाराष्ट्रात परतल्यावर बाईंनीही माणसे मोजली. त्या काळाचे शास्त्र तेच होते. मात्र त्या मोजमापांतून निघाले ते असे की ज्यांना आपण सरसकट ब्राह्मण किंवा सरसकट मराठा म्हणतो, ते आतून एकजिनसी नाहीत.

आणि मराठी विचारवंतांनी वंशाच्या कल्पनेचे काय केले? महात्मा फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. आपल्या गावातले दुःख आणि समुद्रापलीकडचे दुःख एकाच जातीचे आहे, हे ओळखणारी ती नजर होती. आर्यांच्या स्वारीचा युरोपीय सिद्धांत त्यांनी उचलला आणि उलटा फिरवला : बाहेरून आलेले तुम्ही, भूमीचे धनी आम्ही. लोकमान्य टिळकांनी १९०३मध्ये आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाकडे शोधले. दोघांचे हेतू परस्परविरुद्ध, पण चौकट एकच. ती चौकटच नाकारणारा माणूस म्हणजे बाबासाहेब आंबेडकर. १९३६च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये त्यांनी विचारले की पंजाबातला ब्राह्मण आणि मद्रासेतला ब्राह्मण यांच्यात कोणते वांशिक नाते आहे आणि पंजाबातला ब्राह्मण व पंजाबातला चांभार यांच्यात कोणता वांशिक फरक आहे. १९४८च्या ग्रंथात त्यांनी नाकांचे आकडेच वापरून दाखवले की अस्पृश्यतेचे मूळ वंशात नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जी बौद्ध धम्मदीक्षा झाली तिच्यामागे ही खात्री होती : जे रक्तात नाही ते माणूस सोडू शकतो. तरीही एक गोष्ट आदर राखून सांगितली पाहिजे. १९४५मध्ये बाबासाहेबांनी आदिवासींविषयी लिहिले की त्यांना अजून राजकीय जाण आलेली नाही. दोष त्यांनी रक्ताला दिला नव्हता. आदिवासींच्या स्थितीची जबाबदारी त्यांनी हिंदू समाजावर टाकली होती. पण ‘अजून नाही’ हा शब्दप्रयोग इतका दूरवर पसरलेला होता की तो त्यांच्याही लेखणीत आला.

मित्रहो, आपल्या काळातला वंशवाद या ‘अजून नाही’मध्ये राहतो. कवटीचे शास्त्र कोसळले. १९५०मध्ये युनेस्कोने शास्त्रज्ञांच्या वतीने वंशकल्पना नाकारली. १९७२मध्ये जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखवले की माणसामाणसांतले सुमारे ८५ टक्के जनुकीय वेगळेपण एकाच लोकसमूहाच्या आत असते. त्याचा पुरावा आपल्या दवाखान्यांतही आहे. सिकलसेल हा आजार १९१०मध्ये शिकागोत एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तात प्रथम नोंदवला गेला आणि अमेरिकेने त्याला काळ्यांच्या रक्ताचा आजार ठरवून टाकले. तोच आजार ग्रीसमध्ये निघाला, अरबस्तानात निघाला, आणि गडचिरोली-चंद्रपुरात गोंड, माडिया, परधान यांच्यात, तसेच अनुसूचित जातींत आणि इतर मागास जातींतही निघाला. ही वंशाची रेषा नाही. ही मलेरियाची रेषा आहे. जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या राहिला तिथे ते जनुक टिकले, कारण एका पालकाकडूनच ते आलेले मूल मलेरियात तगण्याची शक्यता जास्त. डासाने जात विचारली नाही. तरीही आपण आज या आजाराला सर्रास आदिवासींचा आजार म्हणतो, म्हणजे शिकागोची चूक पुन्हा करतो.

शरीर हातातून निसटल्यावर वंशवादाने काळ हाती धरला. आपल्याबरोबर याच वर्षी, याच तालुक्यात राहणाऱ्या माणसाला तो मागच्या युगात नेऊन बसवतो. मग त्याच्याशी करार करावा लागत नाही, त्याची संमती घ्यावी लागत नाही. त्याला फक्त पुढे आणावे लागते. आणि कुठल्या दिशेने आणायचे, हे आणणारा ठरवतो. १९४३मध्ये आदिवासींच्या भवितव्यावर दोन मोठ्या विद्वानांची पुस्तके आली. व्हेरिअर एल्विन म्हणाले, यांना जपा. गो. स. घुर्ये म्हणाले, हे मागासलेले हिंदूच आहेत, यांना सामावून घ्या. त्या वादावर आजही निबंध लिहिले जातात. पण त्यात गोंडांचे मत कुठे आहे? त्याआधीच अहेरीच्या आणि गडचिरोली तहसिलीतल्या जमीनदाऱ्या १९३५च्या भारत सरकार कायद्याखाली ‘अंशतः वगळलेला प्रदेश’ म्हणून जाहीर झाल्या होत्या. वगळलेला कोणापासून? विधिमंडळाच्या नेहमीच्या अधिकारापासून. जंगलाच्या ठेकेदारांपासून नाही.

आता पहिला आक्षेप. वंशवाद हा पाश्चात्त्यांचा रोग, आपल्याकडे जात आहे. दोन्ही एक करू नका. एक करू नयेत हे बरोबरच. जात माणसाला गावगाड्यात खालची जागा देते, काम नेमून देते. गोंड-माडियांना आपण गावगाड्याच्या बाहेर, रानात ठेवले. पण जन्मावरून माणसाची लायकी ठरवण्याचा सराव आपल्याला आधीपासून होता, म्हणून रिस्लेचे शास्त्र इथे परके वाटले नाही. इतके तर जगालाही ठाऊक आहे : संयुक्त राष्ट्रांच्या १९६५च्या वंशभेदविरोधी करारातल्या व्याख्येत कुळ-जन्मावरून होणाऱ्या भेदाचा समावेश भारताच्याच सूचनेवरून झाला. आणि आजचा दाखला हवा असेल तर आपली बोली ऐका. महाराष्ट्रात सरकारी नोकराला धमकी काय देतात? गडचिरोलीला बदली करीन. एका अख्ख्या जिल्ह्यातल्या माणसांमध्ये राहणे ही शिक्षा आहे, असे आपण किती सहज बोलतो!

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो चांगल्या मनाची माणसेही घेतात. ते म्हणतात, कुपोषण खरे आहे, बालमृत्यू खरे आहेत, व्यसन खरे आहे; मागासलेपणाला मागासलेपण म्हणणे हा वंशवाद कसा? आकडे खरे आहेत. ते लपवणे हा गुन्हा ठरेल. पण कारण काय सांगतो, यावर सगळे अवलंबून आहे. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची पाहणी केली. १९८९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. म्हणजे आजार गावात होता आणि डॉक्टर गावात नव्हता. यात रक्ताचा काय दोष? पुढे त्यांनी गावातल्याच, थोडे शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवली. जंतुसंसर्ग ओळखणे आणि इंजेक्शन देणेसुद्धा. १९९९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : त्या ३९ गावांत नवजात मृत्यूचा दर ६२ टक्क्यांनी उतरला. ज्यांना जमणार नाही असे सगळे धरून चालले होते, त्यांना ते जमले, आणि देशाने ती पद्धत आशा कार्यकर्त्यांच्या कामात घेतली. व्यसनाचे म्हणाल तर दारूबंदीसाठी चळवळ करून १९९३मध्ये ती मिळवणारा जिल्हा गडचिरोलीच. आदिवासी म्हणजे दारू, असे समीकरण मांडणाऱ्यांनी ही तारीख कधी तरी आठवावी.

कारभाराच्या लायकीचेही तसेच. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. ज्या वनहक्क कायद्याने तो मिळाला, त्या २००६च्या कायद्याच्या प्रास्ताविकेतच ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आहे. तरी बांबू वाहून नेण्याचा परवाना ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. त्यानंतर जिल्ह्यातल्या एक हजाराहून अधिक गावांना असे हक्क मिळाले. ग्रामसभा तेंदूपत्त्याचे लिलाव करतात, हिशेब ठेवतात. त्यांच्यात चुका होत नाहीत का? भांडणे होत नाहीत का? होतात. चुका तर आपल्या नगरपालिकांतही होतात, पण त्यावरून कोणी शहरवासीयांना लोकशाहीसाठी अजून तयार नाहीत असे म्हणत नाही. चुकण्याचा हक्क एकाला असणे आणि दुसऱ्याला नसणे, ही वंशवादाची आजची खूण मला सर्वांत पक्की वाटते.

तिसरा आक्षेप आरक्षणाचा. जन्मावरून सवलत देणे हाही वंशवादच, असे म्हणतात. माझे उत्तर असे की आरक्षण रक्ताविषयी काही सांगत नाही, ते हिसकावल्याच्या नोंदीवर उभे आहे, आणि ती नोंद १८६५पासूनच्या कायद्यांत सरकारच्याच हस्ताक्षरात आहे. मात्र या आक्षेपाची एक बाजू आपण नाकारू नये. अनुसूचित जमात कोणाला म्हणायचे याच्या कसोट्या १९६५मध्ये लोकूर समितीने सांगितल्या : आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगता, इतर समाजाशी मिसळण्यातला बुजरेपणा आणि मागासलेपण. स्वतंत्र भारताच्या कागदावर जबलपूरच्या प्रदर्शनाची भाषा आहे. कोलाम आणि माडिया गोंड यांना ‘आदिम’ ठरवणारे सरकारी विशेषण २००६मध्ये बदलून ‘विशेष दुर्बल’ झाले, तरी मराठी सरकारी कागदांत आदिम जमाती हाच शब्द अजून भेटतो.

याचा भार कोणावर पडतो? जातवैधता समितीपुढे उभ्या राहणाऱ्या मुलावर. तिथे त्याला देव कोणते, लग्नातले विधी कोणते, बोलीतले शब्द कोणते, हे विचारले जाते. आप्तभाव चाचणी म्हणतात तिला. खोटे दाखले काढून खऱ्या आदिवासींच्या जागा बळकावणाऱ्यांना रोखण्यासाठी ती आली. ही बळकावणी खरी आहे आणि तिचा फटका चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांनाही बसतो. पण बल्लारपूरच्या कारखान्याजवळ वाढलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या गोंड मुलाला आजोबांचे विधी आठवले नाहीत, तर तो गोंड नाही का? आधी त्याची भाषा शाळेबाहेर ठेवायची, आणि मग ती येत नाही म्हणून त्याचा दाखला अडवायचा? मार्च २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले की ही चाचणी निर्णायक धरता येणार नाही. निकाल आला आहे, पण पद्धत मनातून गेली नाही. खोट्या दाखल्यांना अडवायचे तर जुन्या महसुली नोंदी आहेत, शाळेचे दाखले आहेत, आणि जिथे कागद कधी पोहोचलाच नाही, त्या भामरागड-एटापल्लीच्या गावांत ग्रामसभा आहे. हा मुलगा आमचा आहे की नाही, हे त्या गावाइतके कोणाला ठाऊक असणार? वैधता समितीच्या नियमांत ग्रामसभेच्या ठरावाला पुराव्याचा दर्जा द्यावा, ही मागणी या सभागृहातून लेखी जावी, अशी माझी आयोजकांना विनंती आहे.